गोपीनाथची जोडवी

पुरुषाने पायात जोडवी घालू नयेत असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नसावं, कारण ते लिहून ठेवायची वेळ येईल असं कुठल्या शास्त्रकाराच्या स्वप्नातही आलं नसेल. गोपीनाथ केळुसकरच्याही आलं नव्हतं. कल्याणच्या एका कचेरीत कारकुनी, डोंबिवलीत आवडाबाईच्या चाळीत दोन खोल्या, डोक्यावर काळी टोपी आणि रात्री जेवणानंतर एक पान, एवढ्यात त्याचं सगळं सुख मावत होतं. त्याची बायको कलावती प्राथमिक शाळेत शिकवायची. त्यामुळे चाळ त्याला नावाने ओळखतच नसे, 'बाईंचे यजमान' म्हणायची. हे त्याला लागायचं, पण लागतं असं म्हणायचीही सोय नव्हती.

कलावतीची नोकरी कच्ची होती, कारण तिचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. जूनमध्ये वरून हुकूम आला की पुण्याला जाऊन वर्षभराचं ट्रेनिंग पुरं करा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा. वसतिगृहात मुलाला न्यायला बंदी. सुधीर तेव्हा दोन वर्षांचा होऊन थोडे दिवस झालेले. गोपीनाथची आई गावी थोरल्या भावाकडे गुडघे धरून बसलेली, कलावतीला तर आईच नव्हती. सगळ्या चाळीचं मत पडलं की बाईमाणसाने एवढं कशाला ताणायचं. तेव्हा गोपीनाथच काय तो चारचौघांत छाती काढून म्हणाला, "तू जा. सुधीरचं मी बघतो." चारचौघांत म्हणाला हीच चूक झाली, कारण मग ते मागे घेता येईना.

कलावती गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथला कळलं की आपण बघायचं नेमकं काय कबूल केलं आहे.

आपल्याकडे मूल शीला बसवायची रीत सर्वांना ठाऊक आहे. मागच्या पडवीत मोरीच्या कडेला राख पसरायची, आईने पाटावर बसून दोन्ही पाय पुढे करायचे आणि मुलाने त्या पायांवर बसायचं. मोठमोठे वकील, डॉक्टर, पुढारी याच आसनावर लहानाचे मोठे झाले, फक्त सभेत कुणी ते बोलून दाखवत नाही. सुधीरही रोज सकाळी आईच्या पायांवर बसायचा आणि काम उरकून मोकळा व्हायचा. गोपीनाथने ते दुरून पाहिलं होतं आणि त्यात विशेष काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. तोही पाटावर बसला, धोतर वर खोचलं, पाय पुढे केले आणि मुलाला वर बसवलं.

सुधीर बसला. इकडेतिकडे बघितलं. कावळ्याशी बोलला. वळून बापाच्या पायाचे केस ओढून पाहिले. गोपीनाथच्या पायांना मुंग्या आल्या, त्या गुडघ्यापर्यंत चढल्या, तरी पुढे काही घडेना. शेवटी त्याने मुलाला उतरवलं आणि लंगडत उठला, तोवर सुधीर पुढच्या खोलीत जाऊन आरामखुर्चीखाली बसून मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी दाराआड. तिसऱ्या दिवशी गोपीनाथच्या कचेरीच्या बुटाशेजारी, आणि शेजारी हा शब्दही जरा सौम्य आहे.

चाळीने सल्ले द्यायला सुरुवात केली. चाळीला दुसऱ्याच्या मुलाइतका आवडता विषय नाही. शेजारचे गुणाजीराव रेल्वेच्या भांडारातून पेन्शनीत निघालेले होते आणि प्रत्येक गोष्टीची व्यवस्था लावून द्यायची त्यांना सवय होती. त्यांनी निदान केलं की कोठा जड आहे, एरंडेल द्या, घड्याळ लावून काम होईल. एरंडेल दिलं. काम झालं, पण घड्याळ लावून झालं नाही. पावसाने उघडीप दिली म्हणून गुणाजीरावांच्या मंडळींनी गॅलरीत पोह्याचे पापड वाळत घातले होते, तिथे झालं. त्या दिवसापासून गुणाजीरावांनी सल्ले देणं सोडलं आणि गोपीनाथवर नजर ठेवायला सुरुवात केली, जे जास्त वाईट होतं.

दिवसभर सुधीरला चाळीची मालकीण आवडाबाई सांभाळायची. ती इथलीच, आगरी, विधवा, भात आणि चाळ दोन्ही एकाच काठीने राखणारी. पण दसरा झाला की ती भातकापणीला मानपाड्याच्या शेतावर जाणार, हे तिने आधीच बजावलं होतं. तेव्हा सुधीरला बालमंदिरात घालणं भाग होतं. बालमंदिराच्या विमलाबाई खादी नेसणाऱ्या, करड्या शिस्तीच्या. मूल कुठल्याही जातीचं, कुठल्याही भाषेचं असो, त्यांना चालायचं. अट एकच, त्याने शी-शू आधी सांगितली पाहिजे. गोपीनाथने बरीच रदबदली करून सुधीरला परीक्षेसाठी ठेवून पाहिलं. दुपारी मूल परत आलं आणि सोबत ओल्या चड्डीचं गाठोडं आलं. "मूल गोड आहे," विमलाबाई म्हणाल्या, "पण सांगत नाही. सांगायला लागलं की आणा."

गोपीनाथने हे सगळं पुण्याला कळवलं. कलावतीचं उलट टपाली उत्तर आलं की दिवाळीच्या सुट्टीत त्यांना खेड्यापाड्यांत पाठ घ्यायला नेणार आहेत, त्यामुळे तशी ती एकदम एप्रिलातच येणार. पण दिवाळीपर्यंत सुधीरची सोय लागली नाही, तर ती ट्रेनिंग सोडून येईल ती कायमचीच येईल. नोकरी गेली तर गेली.

ते पत्र गोपीनाथने जेवताना वाचलं, जेवल्यावर वाचलं आणि पान लावताना पुन्हा वाचलं. पान लावणं हे कलावतीचं काम होतं. त्याच्या हातून चुना नेहमी जास्त पडायचा आणि जीभ भाजायची. आता खरं सांगायचं तर त्याला ती हवी होती. संध्याकाळी घरी येताना कोपऱ्यावरूनच आपल्या खिडकीत दिवा दिसावा एवढंच त्याला हवं होतं, आणि जूनपासून तो दिवा त्याला स्वतःला लावावा लागत होता. मुलाने आणखी थोडे दिवस आरामखुर्चीखाली बसायचा अवकाश, की ती येणार होती. हा विचार मनात आला तेव्हा गोपीनाथ इतका दचकला की त्याने उठून दाराला कडी आहे का ते पाहिलं.

मग त्या विचाराचं प्रायश्चित्त म्हणून तो जोमाने कामाला लागला. पाटाची उंची बदलली. पाय साबणाने धुतले. कलावतीचं जुनं लुगडं गुडघ्यांवर टाकून बसून पाहिलं, तेव्हा सुधीर लुगड्यात तोंड खुपसून असा रडला की गोपीनाथलाही पुढे काही सुचेना. दोघेही बराच वेळ तसेच पडवीत बसून राहिले.

कोडं सोडवलं आवडाबाईने. ती मोरीशी उभी राहून थोडा वेळ नुसती बघत होती.

"आरं गोपीनाथा, त्याच्या मुठी बघ," ती म्हणाली. "काय तरी धरायला सोदतंय ते. आईची जोरवी धरून बसायचा तो. दोनी हातांनी फिरवत बसायचा. तुज्या पायात काय हाय धरायला?"

गोपीनाथने आपल्या पायांकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं.

आता जोडवी आणायची कुठून? कलावतीची तिच्या पायात, सवाष्ण ती काढून देणार नाही. आवडाबाई विधवा. चाळीतल्या इतर बायकांकडे जोडवी उसनी मागायची, तर त्याआधी चाळ सोडायची तयारी हवी. शिवाय सुधीर नुसती हातात दिलेली वाटी, किल्ली, काहीही घेईना. बोटात असलेलंच हवं. शेवटी गोपीनाथने आपल्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं माप दोऱ्याने घेतलं आणि कचेरी सुटल्यावर कल्याणच्या बाजारात, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा सोनाराकडे गेला.

सोनाराने दोरा पाहिला, बोटावर गुंडाळला, पुन्हा पाहिला. मग वहिनींना घेऊन या, जोडवी पायात घालूनच बघायची असतात, असं म्हणाला. वहिनी पुण्याला आहेत म्हटल्यावर, मग घाई काय, असं त्याने विचारलं. गोपीनाथने सांगितलं की घाई फार आहे. सोनाराने पुन्हा एकदा दोऱ्याकडे पाहिलं आणि वहिनी अंगाने भक्कम दिसतात असं आदराने म्हणाला. गोपीनाथने हो म्हटलं. नाजूक पावलांच्या आपल्या बायकोविषयी असं हो म्हणताना त्याला फार वाईट वाटलं. जोडवी खिशात टाकून तो वळला, तर दुकानाच्या पायरीशी गुणाजीराव उभे. ते चष्म्याची दांडी डाक देऊन घ्यायला आले होते.

त्यानंतर चाळीत काय झालं ते सांगायची गरज नाही, तरी सांगतो. बायको परगावी, नवरा कल्याणात गुपचूप जोडवी घेतो, आणि मापावरून बाई चांगली भक्कम. गुणाजीरावांनी रात्रीपर्यंत त्या बाईचं वय, गाव आणि पहिल्या नवऱ्याचं काय झालं इथपर्यंत मजल मारली. हल्ली दुसरं लग्न केलं तर कायद्याने शिक्षा होते, याची आठवणही त्यांनी गॅलरीत उभं राहून मोठ्याने केली. आवडाबाईने खरं ते सांगून टाकलं की जोडवी त्याने स्वतःलाच घेतली आहेत आणि तो ती पायात घालून पडवीत बसतो. यावर चाळीतल्या एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. उलट आवडाबाईही त्याला सामील आहे असं ठरलं.

पण जोडव्यांनी काम केलं. पहिल्याच सकाळी सुधीर पायांवर बसला, पुढे वाकला, दोन्ही मुठींत जोडवी धरली, फिरवली, आणि सुखाने एक मोठा श्वास सोडला. गोपीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. राखेकडे बघून डोळ्यांत पाणी आलेला माणूस त्या चाळीत याआधी झाला नसेल.

अडचण एवढीच झाली की उजव्या पायातलं जोडवं निघालं आणि डाव्यातलं निघेना. साबण लावला, ओढलं, बोट सुजलं, आणि सुजल्यावर तर ते मुळीच हलेना. गोपीनाथ ते पायात घेऊनच कचेरीत जाऊ लागला. बूट होते म्हणून बरं. मात्र नेमकी तेव्हा खंडेनवमी आली. कचेरीत दप्तराची पूजा, सगळ्यांनी पादत्राणं काढून सतरंजीवर बसायचं. गोपीनाथ बूट काढीना, तेव्हा साहेबांनी केळुसकर सुधारक झाले की काय असं विचारलं. त्याने बूट काढले आणि डावा पाय धोतरात दडवून बसला. आरतीला उठावं लागलं. शेजारी उभ्या असलेल्या हेडक्लार्कची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. तो भला माणूस होता, बोलला काही नाही. आरती संपेपर्यंत हळूहळू सरकत तो टेबलाच्या पलीकडे गेला, आणि पुढे कित्येक दिवस गोपीनाथला 'अहो-जाहो' करत राहिला.

इकडे सुधीरला जोडव्यांची अशी गोडी लागली की तो बसायची वेळ व्हायच्या आधीच येऊन बापाचं धोतर ओढू लागला. आधी 'जोडवी' म्हणायचा. मग गोपीनाथने शिकवल्यावर 'शी' म्हणू लागला. चड्ड्या कोरड्या राहू लागल्या. म्हणजे विमलाबाईंची अट पुरी झाली होती, आणि पायांचा प्रश्नही नव्हता. बालमंदिरात शेवंती नावाची बाई मुलांना पायांवरच बसवायची, आणि तिच्या पायात जोडवी होती. आता फक्त विमलाबाईंना जाऊन सांगायचं होतं.

गोपीनाथ गेला नाही. आज उशीर झाला. उद्या बघू. मूल अजून कच्चं आहे, एकदम घाई नको. रोज संध्याकाळी तो बालमंदिरावरून यायचा आणि विमलाबाई दारात दिसल्या तर रस्ता बदलायचा. पुण्याच्या पत्रातही त्याने सुधीरच्या सर्दीविषयी पानभर लिहिलं आणि या गोष्टीविषयी एक अक्षर लिहिलं नाही. आवडाबाईची बोचकी बांधून तयार होती. ती एकदा दारात थांबली आणि म्हणाली, "पोर सांगाया लागलं रं. तू कवा सांगनार?" गोपीनाथने काहीतरी शोधायचं निमित्त करून कपाटात डोकं घातलं.

आणि मग रविवारी सकाळी कलावतीच आली. गुणाजीरावांच्या मंडळींनी, चाळीच्या अब्रूसाठी म्हणून, तिला एक कार्ड टाकलं होतं. रात्रभराचा प्रवास करून, हातात पिशवी, डोळे सुजलेले, अशी ती तरातरा घरात शिरली, पुढची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं आणि पडवीच्या दारात येऊन थबकली. तिच्या मागोमाग गुणाजीराव साक्षीला म्हणून आले होते. पडवीत तिचा नवरा धोतर गुडघ्याच्या वर खोचून पाटावर बसला होता. त्याच्या दोन्ही पायांत चांदीची जोडवी होती. पायांवर सुधीर होता.

सुधीरने आईला पाहिलं. त्याचं तोंड एकदम फुललं, पण तो उठला नाही. एका हाताने जोडवं घट्ट धरून त्याने दुसरा हात वर केला आणि म्हणाला, "आई, थांब. शी."

कलावती दारातच खाली बसली. आधी हसली, पदर तोंडाशी धरून हसली, आणि मग त्याच पदरात रडायला लागली. गुणाजीराव आल्या पावली परत गेले. त्या दिवशी चाळ विलक्षण शांत होती.

दुपारी सुधीर आईच्या कुशीत झोपला. कलावतीने वाटीत खोबरेल तेल घेतलं आणि गोपीनाथला पाय पुढे करायला सांगितलं. नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन ती त्याच्या बोटावरचं जोडवं हळूहळू फिरवू लागली. लग्नात सोनाराने तिच्या पायात जोडवी घातली तेव्हा ती दुखतात म्हणून ती रडली होती, हे तिने सांगितलं. गोपीनाथ ऐकत होता. तिच्या बोटांचा स्पर्श त्याला जूननंतर पहिल्यांदा होत होता, आणि ते जोडवं दिवसभर निघू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. ते लगेच निघालं.

"सांगतो की तो आता," कलावती म्हणाली. "कधीपासून?"

"झाले थोडे दिवस," गोपीनाथ म्हणाला.

तिने वर पाहिलं. विमलाबाईंना का कळवलं नाही, मला का लिहिलं नाही, हे तिने विचारलं नाही. ती मुलांना शिकवणारी बाई होती, कोण काय दडवतंय हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तेलाचे हात पदराला पुसत तिने एवढंच विचारलं, "राहू का मी?"

हो म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे गोपीनाथला पक्कं ठाऊक होतं. नोकरी गेली असती, तिने कधी बोलूनही दाखवलं नसतं. तो उठला, टोपी घातली आणि विमलाबाईंकडे गेला. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं. उद्यापासून सुधीरला आणतो, असं सांगून तो परत आला आणि संध्याकाळची गाडी किती वाजता आहे ते त्याने तिला सांगितलं.

कल्याणच्या फलाटावर गाडी उभी होती. कलावतीला खिडकीजवळ जागा मिळाली. गोपीनाथ सुधीरला कडेवर घेऊन खाली उभा होता. वाटेत येता येता त्याने मनाशी एक वाक्य जुळवलं होतं. मला तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच. पण डब्यात एक कुटुंब पिठलं-भाकरी सोडून बसलं होतं, त्यांच्यादेखत ते म्हणवेना. गाडी सुटायच्या क्षणी म्हणू, म्हणजे पुढे लाजायला वेळ उरणार नाही, असं त्याने ठरवलं. तोवर डबा नीट ठेव, रात्री खिडकी लाव, पोचल्याचं कळव, असलं सगळं बोलून झालं. कलावती खिडकीच्या गजांतून हात काढून सुधीरच्या पावलाला धरून होती. सिग्नल पडला. गोपीनाथने घसा साफ केला.

"बाबा," सुधीर म्हणाला, "शी."

दुसरं कुणी मूल असतं तर त्याला दटावता आलं असतं. पण या मुलाला सांगायला शिकवण्यात एका माणसाचे तीन-चार महिने आणि उरलीसुरली अब्रू गेली होती. गोपीनाथने एकदा कलावतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "पळा."

तो पळाला. फलाट संपेपर्यंत पळाला, उतारावरून खडीत उतरला, रचून ठेवलेल्या रुळांच्या लाकडी स्लीपरांवर बसला आणि पाय पुढे केले. सुधीर त्याच्या बुटांवर बसला. पायात धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने वळून बापाच्या दोन्ही हातांची बोटं घट्ट धरली. तेवढ्यात गाडी हलली आणि त्यांच्या शेजारून जाऊ लागली. एकेक डबा पुढे सरकला. मग ती खिडकी आली. कलावती गजांना कपाळ टेकून दोघांना शोधत होती. तिने त्यांना पाहिलं आणि हात हलवला.

गोपीनाथचे दोन्ही हात गुंतलेले होते. हात सोडवले असते तर मूल खडीत पडलं असतं. तो बसल्या जागेवरून ओरडला, "करमत नाही गं मला तुझ्याशिवाय."

रुळांचा खडखडाट फार होता. कलावतीने कानाशी हात नेला आणि काय म्हणून मान हलवली. तोवर खिडकी पुढे गेली. मागून बरेच डबे गेले, त्यांतल्या लोकांनी खडीत बसलेल्या त्या गृहस्थाकडे बघून घेतलं. शेवटचा डबा वळणावर दिसेनासा झाला.

"झालं," सुधीर म्हणाला.

गोपीनाथ त्यानंतरही थोडा वेळ पाय पुढे करून तसाच बसून राहिला.